शिवाजी पेठेची पंगत मालवणात

शिवाजी पेठेत शंभर-दीडशे माणसांचं जेवण उठवायला कुणाला घाम फुटत नाही. गणपती असो, शिवजयंती असो, नाहीतर पेठेतल्या संघानं फुटबॉलचा चषक मारलेला असो, तालमीत बैठक बसते, वर्गणीची वही निघते आणि आचारी, जळण, भांडी, वाढपी एका संध्याकाळीत ठरून जातात. रंकाळ्याच्या पलीकडं कुणाच्या तरी रानात चूल मांडणारी रस्सा मंडळं तर मिसरूड फुटायच्या आधीपासून पोरं चालवतात. किती किलो मटणाला किती कांदा आणि किती चटणी, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण याच पोरांनी साठजणांची मालवण सहल काढायची आणि रात्री सगळ्यांना एका पंगतीला समुद्राचे मासे खाऊ घालायचे ठरवलं, तेव्हा हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागला. मटणाचा रस्सा निखाऱ्यावर दोन तास राहिला तरी बिघडत नाही, चांगलाच मुरतो. मासा मात्र थांबत नाही. बस उशिरा आली, पोरं किल्ल्यावर रेंगाळली, आंघोळीला नंबर लागले, तर त्याची किंमत मासा वसूल करतो. म्हणून सहलीचं वेळापत्रक बसच्या सोयीनं न आखता किनाऱ्यावरच्या लिलावाच्या वेळेभोवती आखायचं, हे पहिल्याच बैठकीत मी हट्टानं मांडलं. पुढचं सगळं त्यातून सोपं होत गेलं.

आधी महिना. पेठेतली कितीतरी पोरं जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात आणि तिथून पुढं कोकणात उतरायचा बेत दरवर्षी कुणीतरी काढतोच. माशांसाठी तो काळ बाद. राज्यात यांत्रिक नौकांना १ जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत मासेमारीबंदी असते, कारण याच दिवसांत बरेच मासे अंडी घालतात. समुद्रही खवळलेला असतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. तेव्हा मालवणात ताटात पडतो तो बहुधा बर्फातला, बाहेरून आलेला, नाहीतर खाडीतला मासा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होड्या पुन्हा जोरात बाहेर पडतात; पण तेव्हा आमच्याकडं श्रावण, मग गणपती, मग नवरात्राचे उपास. दिवाळी आटोपली की मार्ग मोकळा होतो. फुटबॉलचा हंगाम अजून रंगात आलेला नसतो, पोरांना वेळ असतो आणि किनाऱ्यावर बांगडा, कोळंबी, सौंदाळा, सुरमई अशी रेलचेल असते. फेब्रुवारी-मार्चकडं जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी बघा. त्या दिवसांत मालवण परिसरात साठजणांना झोपायला जागा मिळणं कठीण.

मग वार. आमच्या यादीत सोमवार पाळणारे होते, गुरुवार पाळणारे होते, शनिवारचे तर बरेच. कार्तिकी एकादशी आणि संकष्टी टाळली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरची माणसं विचारतील, तेही धरलं. शेवटी शुक्रवारी सकाळी निघायचं, शुक्रवारी रात्रीच माशांची पंगत आणि शनिवारी साधं जेवून परत, असं ठरलं. मालवणातही बऱ्याच घरांत असे वार पाळतात, त्यामुळं शुक्रवारी जेवण करून देणारी बाईही आनंदानं तयार होते.

दिवाळीनंतर कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं तर उसाचा हिशेब करावा लागतो. फुलेवाडी, बालिंगा, कळे करत जाताना गळीत हंगामातल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या लागतात आणि अरुंद ठिकाणी त्यांच्या मागं सरपटत जावं लागतं. गगनबावड्यापर्यंत जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण दोन तास धरावेत. तिथं घाटाच्या दोन वाटा फुटतात, करूळ आणि भुईबावडा. आम्ही करूळनं उतरलो. घाट उतरताना हवा बदलते, अंगातला स्वेटर निघतो, आणि वैभववाडीच्या पुढं घरांची कौलं, परसातली सुपारी, लाल माती बघून मागच्या सीटवरची गाणी आपोआप थांबतात. तळेऱ्याला महामार्ग, मग कणकवली, कसाल, आणि कसालहून उजवीकडं आत वळून कट्टा, चौके करत मालवण. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण साठजणांच्या दोन बसना थांबे धरून सहा तास लागतात. त्यामुळं सकाळी साडेसहाला निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्याला नमस्कार करून बस हलली पाहिजे, हे मी तीनदा सांगितलं होतं. दुपारचं जेवण घरून आणलेलं: भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. वाटेत हॉटेलात साठजण उतरवले की दीड तास जातो आणि संध्याकाळची भूकही मरते.

मालवण आणि कोल्हापूर यांचं नातं निव्वळ सहलीचं नाही, हे बसमध्ये सांगितल्यावर बऱ्याच पोरांना नवल वाटलं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा केला. पुढं हा किल्ला आणि मालवण बंदर कोल्हापूरच्या गादीकडं आलं. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नावही दिलं. पण दुसऱ्याच वर्षी तह होऊन तो कोल्हापूरकरांना परत मिळाला. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार राणी जिजाबाईंच्या हाती होता. मग १८१२ च्या तहानं मालवण कायमचं इंग्रजांकडं गेलं. म्हणजे आज ज्या कोल्हापूरला आपण घाटावरचं म्हणतो, त्याला तेव्हा स्वतःचा समुद्र होता. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर किल्ल्यात आहे आणि पेठेतल्या पोरांना तिथं डोकं टेकवायचंच होतं. पण ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं. संध्याकाळ माशांची.

मोठ्या गटानं मालवणात हॉटेलात जाऊन जेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलं वाईट असतात असं नाही. कार्डावर थाळ्यांची नावं असतात आणि साठजणांतले चाळीसजण ‘सुरमई थाळी’ म्हणतात. एवढी एकसारखी सुरमई एका संध्याकाळी ताजी कुठून यायची? मग बर्फाच्या पेटीतली बाहेर निघते, तुकडी पातळ होते, शेवटच्या टेबलाला तासभर बसावं लागतं. त्यापेक्षा घरगुती जेवण करून देणाऱ्या बायका गाठाव्यात. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात न्याहारी-निवासाची घरं भरपूर आहेत आणि एकदोन घरं मिळून साठजणांचं करतात. आम्ही गाठलेल्या काकी आणि त्यांच्या दोन जावा दांडीच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. त्यांच्याशी फोनवर ठरवताना भाताचे, भाकरीचे, वड्यांचे, सोलकढीचे, वाटपाचे आणि मेहनतीचे पैसे माणशी ठरवले. मासा मात्र त्यात धरला नाही. त्यासाठी वेगळी रक्कम ठेवली आणि त्या रकमेत त्या संध्याकाळी जे चांगलं मिळेल ते घ्यायचं, नाव ठरवायचं नाही, असं सांगितलं. फोनवर क्षणभर शांतता होती. मग काकी म्हणाल्या, “तुमी किती वाजता येतलास ता सांगा, मासो मी बघतंय.”

दांडीच्या वाळूवर चारच्या सुमाराला माणसं जमायला लागतात. होडी लागली की टोपल्या उतरतात, मासळी वाळूवर ओतली जाते आणि भोवती कडं पडतं. त्यात बायकाच जास्त: डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या. मधोमध लिलाव पुकारणारा. आकडा एवढ्या वेगात चढतो की नवख्याला बोली कुठून आली तेच कळत नाही. कुणी भुवई हलवलेली असते, कुणी पदर सावरता सावरता बोट वर केलेलं असतं. आमच्या खजिनदाराला बोलीत उतरायची हौस होती. मी त्याला मागं उभं केलं. किनाऱ्यावर रोजची देवाणघेवाण असलेलं माणूस बोली लावतं तेव्हा भाव वेगळा आणि पँट दुमडून उभ्या असलेल्या पाहुण्यानं लावली तर वेगळा. काकींच्या नेहमीच्या मासेवालीनं आमच्यासाठी बोली लावली.

त्या दिवशी सुरमई मोजकीच आली होती. मोठी, लांबच लांब, पाठ काळसर निळी. पण हॉटेलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी भाव असा चढवला की आमची निम्मी रक्कम तिच्यात गेली असती. पोरांचे चेहरे उतरले. बांगडा मात्र ढिगानं होता, पाठीवरच्या वेलांट्या अजून हिरव्या-निळ्या चमकत होत्या. काकींनी एक बांगडा उचलून आडवा धरला: ताजा बांगडा असा धरला तर वाकत नाही, शेपटीपर्यंत ताठ राहतो. मग कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला. डोळा बाहेर आलेला, काचेसारखा स्वच्छ हवा. आत बसलेला, धुरकट डोळा दिसला की पुढं चालायचं. अकरा किलो बांगडा घेतला, तळायला सात किलो सौंदाळा, आणि सुक्क्यासाठी सहा-सात किलो कोळंबी. साधा हिशेब असा की अनेक प्रकार असतील तर माणशी चारशे ग्रॅम अख्खा मासा पुरतो. बांगडा किलोत पाच-सहा बसतो. सौंदाळा लहान, पण काटा सरळ आणि मांस गोडसर, त्यामुळं नवख्याला सोपा. कोळंबी सोलली की जवळजवळ निम्मी उरते, हे धरूनच घ्यावी. कर्ली चवीला उत्तम, पण बारीक काट्यांनी भरलेली, ती घाटावरच्या गटाला वाढूच नये.

पापलेटाचा आग्रह दोघातिघांनी धरला होता. पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, कारण वाढ होण्याआधीच पिल्लं जाळ्यात येतात. मोठ्या गटाला माणशी एक असा छोटा पापलेट देणं म्हणजे नेमकी तीच पिल्लं मागणं. मला ते पटत नाही. मोरीबद्दलही सांगतो. मोरी म्हणजे लहान शार्क. भाजक्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपात तिचं ‘मोरीचं मटण’ करतात, सोबत वडे, आणि मटणावर वाढलेल्या कोल्हापुरी जिभेला तिच्याइतकं जवळचं दुसरं काही समुद्रात नाही. पण शार्क उशिरा वयात येतो, पिल्लंही थोडीच देतो, आणि त्याच्या काही जाती आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. साठजणांसाठी मोरीची भांडी चढवू नयेत. बांगडा, तारली, सौंदाळा हे ढिगानं येणारे मासे ढिगानं खावेत.

लिलाव ते चूल या दरम्यानचा वेळ सगळ्यात नाजूक. आम्ही थर्माकोलच्या पेट्या कोल्हापुरातूनच नेल्या होत्या आणि माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ मालवणात आधीच सांगून ठेवला होता. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात उन्हात काही तास गेले की जिवाणूंमुळं हिस्टामिन तयार होतं. ते एकदा झालं की तळा, उकळा, काही करा, जात नाही. ओठ चुरचुरतात, चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. चवीला मासा कदाचित थोडा तिखट-झणझणीत लागतो आणि कोल्हापुरी माणसाला ते मसाल्याचंच वाटेल! म्हणून बर्फाबाबत हयगय नको. शिवाय कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी वेगळी असते. साठांतल्या वीसेकांनी आयुष्यात कवचाचा मासा तोंडात घातला नव्हता. त्यांना आधी एकेक कोळंबी देऊन अर्धा तास थांबायला सांगितलं, आणि जवळचा दवाखाना कुठला, रात्री उघडा असतो का, हे दिवसाच बघून ठेवलं होतं.

काकींच्या मागच्या पडवीत मी बराच वेळ उभा होतो. आमच्याकडं कांदा-लसूण चटणी सगळ्यात आधी तेलात पडते आणि घरभर खकाणा उठतो. इथं चुलीवर अजून काही नव्हतं आणि अर्धं काम झालेलं होतं. ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद असं वाटप गंधासारखं बारीक होऊन मोठ्या टोपात तयार होतं. काकींनी डबीतून मूठभर तिरफळं काढली. वाळून उघडलेली, तपकिरी, आतली काळी बी काढून टाकलेली. ती त्यांनी वाटपात घातली नाहीत. वरवंट्यानं नुसती चेचली आणि पाण्याच्या हबक्यासह कालवणात सोडली. वास लिंबाच्या सालीचा आणि मिरीचा मिळून असावा तसा, पण दोन्हींहून रानटी. तिरफळ चावायचं नसतं. चावलं तर जीभ थोडा वेळ बधिर होते. मग आमसुलं, मीठ, आणि उकळी येता येता बांगडे. त्यानंतर पळी घालायची नाही, टोप दोन्ही हातांनी धरून हलवायचा, म्हणजे मासा मोडत नाही. साठजणांचा टोप असा हलवायला दोन बायका लागतात.

तळण्याचं गणित मी घरूनच मांडून आणलं होतं. एका मोठ्या तव्यावर आठ सौंदाळे बसतात आणि दोन्ही बाजू व्हायला आठेक मिनिटं लागतात. दोन तवे म्हणजे दर आठ मिनिटांनी सोळा मासे. साठजणांना एकदम बसवलं तर शेवटच्याच्या ताटात मासा पडेपर्यंत अर्धा तास जाणार. म्हणून तिसाच्या दोन पंगती आणि प्रत्येक पंगत बसायच्या पंधरा मिनिटं आधी तवे चढवायचे. आगळ, हळद, मीठ लावलेले मासे तयार ठेवायचे, पण रवा लावायचा तो तव्यावर टाकतानाच. आधी लावला की पाणी सुटून चिकट होतो. सोलकढीही अशीच आयत्या वेळची. नारळाचं दूध आणि आगळ दुपारी एकत्र करून ठेवलं की रात्री आंबूस वास मारतो. कालवण आणि सोलकढी मिळून साठजणांना पंचवीस-तीस नारळ लागले. तांदूळ माणशी दीडशे ग्रॅम धरला होता, उकडा. कोकणी माणसाला एवढा भात जास्त वाटेल, पण पेठेतली पोरं व्यायामाची आहेत.

पहिली पंगत साडेसातला बसली. वाढायला आमचीच पोरं, महाप्रसादाला असतात तशी कंबरेला पंचे बांधून. पहिल्या घासाला थोडी शांतता झाली. कालवणावर तर्री नाही, लाल तवंग नाही, फिकट नारिंगी रंग. एकानं हळूच विचारलं, “मावशी, चटणी हाय का वेगळी?” काकींनी सुक्या जवळ्याचं किसमूर आणून वाढलं, खोबरं आणि कांदा घातलेलं, आणि म्हणाल्या, “ह्या खा, मगे बोल.” बांगड्याची पाठ कशी उघडायची, मधला काटा शेपटीकडून कसा उचलायचा, हे त्यांच्या शाळकरी नातवानं प्रत्येकाच्या ताटापाशी बसून दाखवलं. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोराकडून पेठेतले पैलवान शिकत होते आणि मनापासून शिकत होते. दुसऱ्या वाढीला कुणी चटणी मागितली नाही. कोळंबीचं सुक्कं सगळ्यात आधी संपलं, सौंदाळ्यासाठी पुन्हा तवा चढला, आणि सुरमई राहून गेल्याचं नाव कुणी काढलं नाही.

आमच्यात चौघे माळकरी होते. त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं, वेगळ्या खोलीत नव्हे तर त्याच पंगतीच्या टोकाला. हे मी आग्रहानं सांगितलं होतं, कारण सहलीतलं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून घ्यायचं असतं. ते सांबारं इतकं उत्तम होतं की मासे खाणाऱ्यांनीही वाटीभर मागून घेतलं.

सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. समुद्रात होडीनं अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-वीस माणसं ओढतात. जाळं जवळ यायला बराच वेळ लागतो. आमच्या पोरांनी विचारून दोराला हात लावला. जोर भरपूर, पण ताल जमेना. रापणकरांच्या पावलाशी पाऊल जुळवायला थोडा वेळ गेला. त्यांच्यातल्या एका वयस्क माणसानं सांगितलं की मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्रीच्या प्रखर दिव्यांच्या मासेमारीनं किनाऱ्याजवळ येणारा मासा कमी झाला आहे, आणि रापणीला कधी कधी एवढी माणसं ओढूनही जेमतेम टोपलीभर मिळतं. सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली, तरी हे भांडण मिटलेलं नाही. त्या दिवशी बरी मासळी आली. वार शनिवार म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यातला वाटा हात जोडून नाकारला, ते मात्र तिथल्या लोकांना फार आवडलं.

पेज आणि लोणच्याची न्याहारी करून होडीनं किल्ल्यावर गेलो. चहूकडं खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पोरांनी तिन्हींचं पाणी चाखून बघितलं. शिवराजेश्वरापाशी गारद झाली.

परतताना प्रत्येकाला घरी सुकी मासळी न्यायची होती. सुका बांगडा आणि बोंबील कडकडीत वाळलेले, वाकवले तर मोडणारे असेच घ्यावेत. मऊ असतील तर त्यात ओल आहे आणि चार दिवसांत बुरशी धरते. जाड पिशव्यांत दोनदा बांधून सगळं बसच्या डिकीत टाकलं, आत कुणाच्याही बॅगेत नाही. उसाच्या ट्रॉल्या चुकवायला कणकवलीहून फोंडा घाटानं, दाजीपूर-राधानगरीमार्गे वर चढलो. वाटेत खजिनदारानं हिशेब वाचून दाखवला: माशांच्या रकमेतले पैसे उरले होते. ते काकींना पुढच्या वर्षीचा विसार म्हणून पाठवायचे, असं बसमध्येच ठरलं, आणि तारीख दिवाळीनंतरच्या शुक्रवारची.